प्रति: पुण्याहून गोवा एका दिवसात?
वर विचारलंय, पुण्याहून गोवा एका दिवसात होईल का. होईल हो, पण कशाला? आम्ही दोघं गेल्या सप्टेंबरात रमतगमत चार दिवसांत पोहोचलो. पहिला मुक्काम कोल्हापुरात, ह्यांच्या मित्राकडे. वहिनींनी तांबडा-पांढरा इतक्या आग्रहाने वाढला की सकाळी निघायलाच अकरा वाजले! मग निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोली. तिथे दोन रात्री राहा. आमच्या खोलीत धुकं शिरायचं, वाळत घातलेला टॉवेल दोन्ही दिवस ओलाच. धबधब्यापाशी शनिवार-रविवारी जत्रा असते, त्यापेक्षा सकाळी हिरण्यकेशीच्या उगमाकडे जा. गुहेतून येणारं पाणी, महादेवाचं देऊळ, बाकी शांतता. सावंतवाडीकडचा घाट मात्र उजेडातच उतरा.