बहुमताने स्वतःला कुठे थांबवावे?

मांडवीकाठ

लोकशाहीवरचे संकट म्हटले की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात. पण अलीकडे ती मतपेटीतूनच पोखरली जात आहे. हंगेरीत २०१० साली ओर्बान यांच्या पक्षाला सुमारे ५३ टक्के मते आणि दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. त्या बळावर पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना संमत झाली, न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणून अनेकांना घरी बसवण्यात आले, आणि यातले प्रत्येक पाऊल सभागृहात रीतसर मतदान घेऊनच उचलले गेले.

गोव्याने याच्या नेमके उलट घडलेले पाहिले आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे हा वाद पेटला तेव्हा गोव्याच्या विधानसभेत विलीनीकरणवाद्यांचे बहुमत होते आणि तेवढ्यावर निर्णय व्हावा असे म्हणणारे पुष्कळ होते. तरीही संसदेने कायदा करून १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला, आणि तो निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याआधी राजीनामा दिला. माझे आजोबा मराठीचे कट्टर अभिमानी, विलीनीकरणाच्या बाजूच्या फुलावर शिक्का मारून आलेले. वेगळ्या गोव्याची निशाणी असलेली दोन पाने जिंकल्याचे कळले त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि ३४,०२१ हा मतांच्या फरकाचा आकडा त्यांना अखेरपर्यंत तोंडपाठ होता. पण मोजणी खोटी होती असे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही, आणि त्याच मार्चमध्ये विधानसभेच्या मतदानाला ते पुन्हा रांगेत उभे होते. जिंकू शकणाऱ्याने आवरते घ्यायचे आणि हरलेल्याने हार मानायची, ही सवय मोडली की घटनेतले शब्द जागच्या जागी राहूनही उपयोगाचे उरत नाहीत.

डिचोलीकर

आपल्या आजोबांविषयी आदर राखून सांगतो, हे निदान मला पटत नाही. लोकांचा विश्वास बहुमताच्या दांडगाईमुळे उडालेला नाही. दिलेल्या मताचे पुढे काहीच होत नाही, म्हणून उडाला आहे. २०२२ मध्ये गोव्याच्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ देण्यात आली. निवडून आलेल्या ११ आमदारांपैकी ८ जण सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, पक्षाच्या दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याला मोकळीक आहे, म्हणजे एकटा फुटला तर तो अपराधी आणि घोळक्याने फुटले तर ते कायदेशीर. ज्याचे मत असे परस्पर दुसरीकडे जाते, त्याला संयमाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? मग कुणी खंबीर नेता ‘मी करून दाखवतो’ म्हणाला की माणसे त्याच्यामागे जातात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

मांडवीकाठ

राग मलाही येत नाही. पण त्या खंबीर नेत्याला उद्या अडवायचे झाले तर न्यायालय, वृत्तपत्र आणि विरोधी बाक हीच साधने लागतील, आणि तो पहिला हात त्यांनाच घालतो. राजकीय पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देऊ देणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली, ती संसदेच्या बहुमताने आणलेली होती. न्यायालयही त्याच बहुमताच्या मुठीत असते तर देणगीदारांची नावे आपल्यापर्यंत कधीच पोहोचली नसती.

डिचोलीकर

योजना आली २०१८ मध्ये, निकाल २०२४ मध्ये. दरम्यान २०१९ ची लोकसभा निवडणूक होऊन गेली. उशिरा मिळालेल्या न्यायाचा हिशोब आपण कधीच मांडत नाही.

आमच्या गावच्या ग्रामसभेत डोंगरकापणीविरुद्ध ठराव झाला, हात वर करून झाला. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले तेव्हा त्यात ‘ठराव’ नव्हता, ‘ग्रामस्थांची सूचना’ होती.

सत्तरीची लेक

तेव्हा कुणी हरकत घेतली का? दोघांच्या वादात मला एवढेच महत्त्वाचे वाटते.

डिचोलीकर

घेतली. मागच्या बाकावरच्या एक काकी उठल्या आणि वही आपल्यासमोर धरायला लावून त्यांनी तो शब्द खोडून घेतला, वर ‘ठराव’ असे लिहवून घेतले. डोंगराची एक बाजू तोवर सपाट झाली होती. दुसरी अजून उभी आहे.