मदत हवी आहे : अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला पाचवीतच आणखी एक वर्ष बसवावे का?

नमस्कार. माझा मुलगा मुलुंडमधील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत पाचवीत आहे. तिसरीच्या अखेरीस सायन रुग्णालयात तपासणी होऊन त्याला वाचन आणि लेखन या दोन्हींतील अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले; बुद्ध्यांक सर्वसाधारण आहे. वार्षिक परीक्षेत तो मराठी, इंग्रजी आणि परिसर अभ्यासात अनुत्तीर्ण झाला. पुनर्परीक्षेच्या धावपळीत न पडता त्याला पाचवीतच राहू द्यावे, म्हणजे पाया पक्का होईल, असे मुख्याध्यापिकांनी सुचवले आहे आणि सोमवारपर्यंत आमचे मत कळवायला सांगितले आहे.

त्याची मराठीची वही समोर ठेवूनच लिहीत आहे. ‘शेतकऱ्याने’ हा शब्द त्याने एकाच पानावर एकदा ‘शतेकऱ्याने’, एकदा ‘शेकऱ्याने’ असा लिहिला आहे आणि तिसऱ्या वेळी नुसते ‘शे’ लिहून पुढे रेघ ओढली आहे. याच मुलाला परवा मी तोंडी विचारले, की साडेतीन डझन आंब्यांपैकी एक सप्तमांश आंबे नासले तर किती उरले. पेटीतले आंबे पुसता पुसता त्याने ‘तीन डझन’ असे सांगून टाकले. हेच उदाहरण छापील स्वरूपात समोर ठेवले असते, तर तो पहिल्या ओळीवरच अडला असता. म्हणून मला प्रश्न पडतो, की त्याला विषय येत नाही म्हणून तो नापास झाला, की येणारे कागदावर उतरवता येत नाही म्हणून? परीक्षेत त्याला जादा वेळ मिळाला, पण आम्ही लेखी मागणी करूनही लेखनिक (तो तोंडी सांगेल ते उत्तर लिहून घेणारी व्यक्ती) मिळाला नाही.

कायद्याचे मी जेवढे वाचले ते असे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत विद्यार्थ्याला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि आपल्या राज्याने ती स्वीकारली. मात्र त्याआधी जादा मार्गदर्शन करून, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी देणे बंधनकारक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मग पुनर्परीक्षेची ही संधी आपण होऊन सोडा, असे शाळेने का सुचवावे?

माझे यजमान मात्र शाळेच्या बाजूने आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सहावीत परिसर अभ्यास संपून सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी वेगवेगळी पुस्तके येतात, वाचन एकदम वाढते, आणि मुलगा तेथे अधिकच खचेल अशी त्यांना धास्ती आहे. मी मुख्याध्यापिकांना विचारले, की पुढच्या वर्षी शिकवण्यात नेमका काय बदल होईल. त्यावर ‘सवयीने येईल’ एवढेच उत्तर मिळाले. तीच पुस्तके, तीच फळ्यावरून उतरवून घेण्याची पद्धत. आमच्या रेमेडियलच्या (अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने वाचन-लेखन शिकवणाऱ्या) बाईंनी आठवड्यातून दोन तासिकांत त्याला जोडाक्षरांपर्यंत आणले आहे, ते काम तो सहावीत गेला तरी थांबणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी शाळेत बोलायला मला अवघड वाटले. त्याची धाकटी बहीण चौथी पास झाली आहे आणि शाळेत पाचवीची एकच तुकडी आहे. ती धडाधड वाचते. जूनपासून दोघे एकाच वर्गात बसतील, हे त्याच्या ध्यानात आले आहे. दोन दिवसांपासून तो तिच्यासमोर पुस्तक उघडत नाही.

ज्यांच्या मुलाकडे असे प्रमाणपत्र आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. पुनर्परीक्षेला लेखनिक मिळवण्यासाठी अर्ज मुख्याध्यापकांनाच करावा, की त्याची प्रत शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयातही द्यावी? आणि ज्यांनी मुलाला त्याच इयत्तेत ठेवले, त्यांनी त्या वर्षासाठी शाळेकडून नेमके काय लिहून घेतले होते?