गेटबाहेरचा कट्टा आणि कॅमेरा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 सिंहस्थ तोंडावर आलाय. रस्त्याकडच्या आपल्या कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्रण पोलिसांना जोडून द्यायचं का, ते रविवारच्या मीटिंगला ठरवू. गेटबाहेरचा कट्टा तोडायचाही प्रस्ताव आलाय. ‘टवाळखोर बसतात’ अशी तक्रार आहे.

ए-३०२: द्या की जोडून. चोरी केली नाही त्याला कसली भीती?

सी-१०४ मीनल: दादा, वहिनींपासून लपून त्याच कट्ट्यावर सिगारेट ओढता, ती काय चोरी आहे? 😄

ए-३०२: ताई, डिलीट करा आधी 🙏

जोशी काका: चेष्टा पुरे. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. मी पंचवटीतच होतो तेव्हा. गर्दीवर नजर हवीच.

मीनल: काका, रामकुंडावर हवीच, कोण नाही म्हणतंय? पण गर्दी मोजायला डोकी पुरतात. कोण कुणाशी बोलत उभं होतं ते कशाला? आणि सिंहस्थ संपला की जोडणी काढणार कोण? प्रस्तावात मुदत आहे का?

सेक्रेटरी: मुदत नाही लिहिलेली.

बी-२०१ वकील ताई: तिथंच गोम आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, खासगीपणा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि गरजेपुरतंच घ्यायला हवं. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्याच्या कलम १७मध्ये सुरक्षेच्या कारणाने सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवलीय. म्हणून माझं मत: गुन्हा घडला, पोलिसांनी लेखी मागितलं, तर तेवढ्या वेळेचं फुटेज ताबडतोब द्या. चोवीस तास लाइव्ह नको.

जोशी काका: लेखी मागितल्यावर देणार असाल तर माझी हरकत नाही.

नाना, ए-००१: आणि कट्ट्याचं काय? टवाळखोर कसले, डिलिव्हरीची पोरं आहेत ती. पुढची ऑर्डर येईपर्यंत सावलीला टेकतात. त्यातल्याच एकानं परवा माझं यूपीआय सुरू करून दिलं, इथल्या कुणाला वेळ नव्हता. गोल्फ क्लबच्या मैदानापर्यंत जायला माझे गुडघे चालत नाहीत. हॉटेलात बसलं की वेटर दर दहा मिनिटांनी ‘आणखी काय?’ विचारतो. फुकट बसायची एवढीच जागा उरलीय, तीही तोडा.

मीनल: नाना, कट्ट्याला माझा विरोध नोंदवा, तोडायला म्हणजे 🙈

सेक्रेटरी: दोन्ही विषय अजेंड्यावर वेगवेगळे घेतो. कोरमपुरते तरी या, मागच्या वेळी सातच जण होते. आणि बी विंगचं पाणी उद्या ९ ते १२ बंद, टाकी धुवायची आहे.