अमिनो आम्ल आणि न्यूक्लिइक आम्ल : दोन्हीकडे 'आम्ल' काहून?

धरमपेठ :
पोरगी दहावीला आहे, मराठी माध्यमात. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, आणि डीएनए स्वतःच आम्ल. शेजारच्या काकांनी तिला सांगून टाकलं की डीएनए पण अमिनो आम्लांचाच. खरं आहे का जी?

सक्करदरा :
नाही. नात्यातले नाहीत, आडनाव तेवढं एक. अमिनो आम्लाला आम्लपण येतं कार्बॉक्सिल गटामुळे. डीएनए-आरएनएला येतं फॉस्फेटमुळे. डीएनएचा मणका साखर आणि फॉस्फेटचा, त्यावर ए, टी, जी, सी ही चार बेस, म्हणजे डीएनएची अक्षरंच. अमिनो आम्ल त्यात एकही नाही. प्रथिनांत मात्र 20 प्रकारची.

इतवारी :
जुन्या पुस्तकांत न्यूक्लिइक आम्लाला 'केंद्रकाम्ल' वाचलंय. तो शब्द चालेल?

सक्करदरा :
मला नाही आवडत. 1869 मध्ये मीशर या स्विस शास्त्रज्ञाला हा पदार्थ पुवातल्या पेशींच्या केंद्रकांत सापडला, म्हणून त्यानं 'न्यूक्लिन' म्हटलं (न्यूक्लिअस म्हणजे केंद्रक). पुढे 1889 मध्ये आल्टमान या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला आम्ल ठरवलं. पण जिवाणूंना केंद्रकच नसतं, तरी डीएनए असतोच. आपल्या पेशीत केंद्रकाबाहेर ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियातही असतो. मराठीत मुद्दाम 'केंद्रक' घातलं की पोरं हमखास फसतात. 'प्रथिन' मात्र झकास रुळलाय.

मानेवाडा :
मी लॅबमध्ये काम करतो. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट हातात आला की लोक विचारतात, "पॅटर्न काय आला? एएस की एसएस?" ए म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलसेलचं. तो पॅटर्न याच आम्लपणातून येतो. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल असतं. त्याच्या बाजूच्या फांदीवर आणखी एक आम्लगट, म्हणजे एक जादा ऋण भार. सिकलसेलमध्ये जनुकात जीएजीचं जीटीजी होतं, एवढाच फरक, आणि तिथे व्हॅलीन हे दुसरं अमिनो आम्ल येऊन बसतं. व्हॅलीनच्या फांदीवर भार नाही. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या ओढीनं रेणू वेगळे करायच्या चाचणीत, एस हिमोग्लोबिन ए पेक्षा मागे राहतं, पट्टा वेगळा दिसतो. एएसमध्ये दोन पट्टे. ऑक्सिजन कमी झाला की हेच व्हॅलीन शेजारच्या रेणूला चिकटतं, लांब दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

धरमपेठ :
बाप्पा! म्हणजे एएसवालाही पेशंटच ना?

मानेवाडा :
नाही जी. बोलताना दोघांनाही "सिकलसेल आहे" म्हणतात, तिथेच घोळ होतो. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. पण सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे पॅटर्न पाहा. दोघंही एएस असले, तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस होण्याची शक्यता 25 टक्के.