अ‍ॅपपेक्षा पट्टी महत्त्वाची

घरी साखर, बीपी, ठोके मोजायच्या यंत्रांबद्दल एका दादांनी लिहिलंय की अ‍ॅप छान असलं, पॉइंट-बॅज मिळत राहिले की माणूस यंत्र सोडत नाही. शहरात असेल बुवा. आमच्या यवतमाळकडे ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं यंत्र) टिकतं की माळ्यावर जातं, हे तालुक्याच्या मेडिकलमध्ये त्याची रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी मिळते का यावर ठरतं. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या मीटरला चालत नाही. म्हणजे मीटर स्वस्तात घरात येतं आणि खर्च पुढे पट्टीपट्टीने चालू राहतो. याला निष्ठा म्हणायचं की अडकणं, तुम्हीच ठरवा.

त्यात उन्हाळा. पट्ट्यांच्या बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर आणि वर टिनाचं छप्पर! फ्रिजही नको, ओल लागते. मग पट्टी खराब होते, साखरेचा आकडा एकदा १४०, लगेच पुन्हा घेतला तर १९०. असं झालं की विश्वास उडालाच.

ठोके मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळाची तर गोष्टच सोडा. निंदताना, कापूस वेचताना हात सारखा हलतो, तिथे मनगटावरचा हिरवा दिवा ठोके नीट मोजत नाही.

आमच्या काकूंनी बीपीचं मशीन बंद केलं, त्याचं कारण मात्र वेगळंच. वही भरून आकडे नेले, पण डॉक्टरांनी उघडूनही पाहिली नाही. "थो पायतच नाही, त मंग मोजाचं कायले?" याला कोणतं अ‍ॅप पुरणार? आता गावातल्या आशा सेविका, आमच्या आशाताई, दर भेटीत वही मागतात, तर मशीन पुन्हा खाली उतरलंय.