मदत हवी आहे : मस्तानी-सोलकढीचे जवळून फोटो नीट येत नाहीत (तातडीचं)

शेवंता
नमस्कार मंडळी. गुरुवारी आमच्या दुकानाच्या मेनूसाठी प्रिंटरला फोटो द्यायचेत आणि डोकं फिरायची वेळ आली आहे. मस्तानी, पन्हं, सोलकढी, कोकम सरबत असे चार ग्लास. वरची सजावट नीट दिसायला हवी, म्हणजे पिस्त्याचे काप, चेरी, केशर, कोथिंबीर. जवळून काढलं की एखादा पिस्ता लख्ख आणि बाकी सगळं विरघळल्यासारखं. रंग पिवळट. कोथिंबीर तर काळीच. काय सेटिंग ठेवू तेवढंच सांगा. 'फोटोग्राफर बोलवा' कृपया नको, दर विचारून झालेत.

चष्मिष
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, उजेड कसला? एखादा फोटो तरी डकवा. पेशंट न आणता औषध मागताय.

ताकभात
फोनवर काढत असाल तर तो 'मॅक्रो' नावाचा पर्याय आधी बंद करा. स्वस्त फोनमध्ये त्यासाठी वेगळा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो, नुसतं नावापुरतं जवळ. त्यापेक्षा मुख्य कॅमेरा, दोन पट झूम आणि वीतभर मागे. माझ्या वहिनीचे केकचे फोटो सगळे असेच काढलेत.

कोथरूडची काकू
कोथिंबीर काळी पडते कारण धुऊन ठेवता. न धुता मुळं कापायची, कागदात गुंडाळून डब्यात. पंधरा दिवस हिरवीगार राहते. मंडईतून आणताना गड्डी झटकून बघायची, आत ओली असेल तर घेऊच नये.

शेवंता
काकू, कोथिंबीर टिकवायची नाहीये हो, फोटोत काळी दिसते!
फोन नाही. दिराचा कॅनन १५००डी आहे, त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स. एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवते, कारण मागचं धूसर छान येतं असं सगळ्या व्हिडिओत सांगतात. जितकं जवळ जाता येईल तितकं जाते.

लेन्सकुमार
ताई, इथेच गोची आहे. ५०ची लेन्स या कामाची नाहीच. मॅक्रो लेन्स म्हणजे १:१, चेरी आहे तेवढीच सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, उमटते. १००ची मॅक्रो भाड्याने घ्या, पुण्यात सहज मिळते. नाहीतर एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. २५ मिलिमीटरची ट्यूब ५०च्या लेन्समागे लावली की वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या निम्म्याने जास्त मोठी उमटते. आतमध्ये काच नसते, त्यामुळे लेन्सचा दर्जा बिघडत नाही. सोबत रिंग लाइट. मी माझ्या घड्याळांचे फोटो असेच काढतो. काटे बघा, कसे कापतात.

ताकभात
घड्याळ वितळत नाही.

चष्मिष
लेन्सकुमार, त्यांचं दुखणं 'पुरेसं जवळ जाता येत नाही' हे नाहीच. गरजेपेक्षा जास्त जवळ जातायत, आणि तेही छिद्र सताड उघडं ठेवून.
हिशेब सांगतो. ती लेन्स नवी, एसटीएम असेल तर ३५ सेंमीपर्यंत फोकस होते, जुनी असेल तर ४५ सेंमी. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, आतल्या सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्यावर गोलातून रेघ गेलेली एक खूण असते, ती सेन्सरची जागा. ३५ सेंमीवर, एफ १.८ ला, खऱ्या अर्थाने धारदार येणारी पट्टी साधारण २ मिलिमीटर जाडीची. २ मिलिमीटर! त्यात एक पिस्त्याचा काप मावतो, तोच तुम्हाला लख्ख दिसतोय. कॅमेरा तुमचं म्हणणं तंतोतंत ऐकतोय.
तिथेच एफ ८ केलंत, म्हणजे छिद्र बारीक केलंत, तर ती पट्टी ८-९ मिलिमीटर होते. लेन्सकुमारांची ट्यूब लावून खऱ्या आकाराच्या निम्म्यावर गेलात तर एफ ८ लाही पुन्हा २ मिलिमीटरच्या आत.

लेन्सकुमार
म्हणून तर फोकस स्टॅकिंग करतात. वीस-पंचवीस फोटो, प्रत्येक फोकस जरा पुढे सरकवून, नंतर सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे.

ताकभात
तोवर मस्तानीचं मिल्कशेक. आईस्क्रीम दर फोटोत जरा बसतं, जोडणार काय?

लेन्सकुमार
मोठे फूड फोटोग्राफर उकडलेल्या बटाट्याचा गोळा ठेवतात आईस्क्रीम म्हणून. जरा अभ्यास करा.

एक पेठी
म्हणजे गिऱ्हाइकाला फोटोत बटाटा दाखवायचा आणि ग्लासात आईस्क्रीम द्यायचं. छान. आमच्याकडे याला फसवणूक म्हणतात.

लेन्सकुमार
सगळेच करतात. जाहिरातीतलं काय काय खरं असतं?

एक पेठी
सगळे उलट्या बाजूने गाडी चालवतात म्हणून मीही चालवू? जे विकता त्याचाच फोटो काढा.

कोथरूडची काकू
बटाटा कशाला? आदल्या रात्री गोळे काढून ताटलीत ठेवा आणि परत डीप फ्रीजरला टाका. दगडासारखे होतात. सगळी तयारी झाली की एकेक बाहेर. आमच्या भिशीला मी असंच करते, तेरा जणींना वाढेपर्यंत गोळा गोळाच राहतो.
आणि पिस्ते कोमट पाण्यात नको, चांगल्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाक. सालं बोटाने सुटतात. आतला पोपटी रंग साल काढल्याशिवाय दिसत नाही बाई, तपकिरी साल असलेले काप फोटोत मळके दिसणारच. काप उभे चिरायचे, पातळ.

शेवंता
काकू, पिस्त्याचं लक्षातच नव्हतं आलं, धन्यवाद. आईस्क्रीम खरंच वापरणार आहे, बटाटा नाही.
एफ ८ करून पाहिलं. फोटो काळाकुट्ट आला. शटर १/५०० सेकंद होतं. कमी केलं तर हलतोय.

चष्मिष
कशावर ठेवून काढताय?

शेवंता
हातात.

नादखुळा
ताई, ट्रायपॉड नसला तर तांदळाचं पोतं घ्या, पाच किलोचं. वर खळगा करून कॅमेरा बसवायचा. दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात लांब. आणि पंखा चालू आहे का?

शेवंता
पंख्याचा काय संबंध? एप्रिल आहे.

नादखुळा
शटर १/१५ वर आलं की पंख्याच्या वाऱ्यानं कोथिंबिरीचं पान हलतंय तेवढंही दिसतंय. कोल्हापुरात मिसळीचे फोटो काढताना कटावरची कोथिंबीर डोलायची, मी आपला लेन्सला शिव्या देतोय. दोन मिनिटं घाम गाळा.

एक पेठी
मिसळीचा विषय काढलाच आहे तर सांगतो, कोल्हापूरची मिसळ म्हणजे नुसता जाळ...

ताकभात
नको! मागच्या मिसळीच्या धाग्यावर दोनशे प्रतिसाद झालेत.

चष्मिष
उजेडाचं अजून सांगितलं नाहीत.

शेवंता
ओट्यावर काढते, रात्री. वर ट्यूब आहे, बाजूला पिवळा बल्ब. दिवसभर दुकान असतं, सिंहगड रोडला काउंटर आहे आमचं. काही फोटोंत आडवे काळे पट्टेही येतात.

चष्मिष
ही माहिती तिसऱ्या दिवशी! घरातली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. दिव्याखाली काढायचंच असेल तर १/५० किंवा १/१००. आणि पांढरी ट्यूब नि पिवळा बल्ब एकत्र असले की व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग सुधारणाऱ्या सेटिंगला, धड दोन्हीकडे जाता येत नाही. एक बाजू निळी, एक पिवळी. पिवळटपणाचं मूळ तिथेच आहे.
सकाळी दुकानाच्या आधी तासभर मिळेल का? खिडकीशी?

शेवंता
मिळेल. पण खिडकी पूर्वेची, आठ वाजता कडक ऊन आत येतं.

कोथरूडची काकू
जुनं धोतर आहे का घरात? धुऊन मऊ झालेलं. ते लाव खिडकीला.

चष्मिष
काकूंना शंभर टक्के अनुमोदन. पातळ सुती धोतर म्हणजे उत्तम डिफ्यूझर, कडक उजेड पसरवून मऊ करणारा पडदा. ग्लास खिडकीच्या पुढे असा ठेवा की उजेड मागून किंचित बाजूने येईल. सरबतातून उजेड आरपार गेला की कोकम माणकासारखं पेटतं, आणि कोथिंबिरीच्या पानातूनही उजेड येतो, म्हणजे काळेपणा निम्मा तिथेच गेला. वरून पडणाऱ्या ट्यूबने पान नुसतं चपटं दिसतं. पुढच्या बाजूला अंधार वाटेल, तिथे पांढरा थर्माकोल उभा करा. घरातले सगळे दिवे बंद.

एक पेठी
थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

नादखुळा
ताटं-वाट्या आणि सजावटीच्या थर्माकोलवर, काका. टीव्हीच्या खोक्यातला तुकडा माळ्यावर पडलेला असतोच की.

एक पेठी
तरी सांगायचं काम केलं. अप्पा बळवंत चौकात पांढरा कार्डशीट मिळतो, तो वापरा. आणि पन्ह्यावर पुदिना लावणार नाही ना? हल्ली बघतो सगळीकडे. पन्ह्यात वेलची, फार तर केशर. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कोणी पुदिना दिलेला पाहिलाय?

शेवंता
केशरच आहे हो.

लेन्सकुमार
ग्लासवर खिडकीची चमक येणार. पोलरायझर लावा, चमक मारणारा फिल्टर. मागच्या स्टीलच्या तांब्याचीही चमक जाईल.

चष्मिष
काचेची कमी होईल, तांब्याची नाही. उघड्या धातूवरच्या चमकेवर पोलरायझर चालत नाही. तांब्या उचलून बाजूला ठेवणं फुकट आहे.

लेन्सकुमार
तुम्हाला माझं काहीच पटायचं नाही.

चष्मिष
पटतं की. एक्स्टेंशन ट्यूबमध्ये काच नसते हे बरोबर होतं.
शेवंताताई, शेवटचं महत्त्वाचं. मेनूवर हे फोटो किती मोठे छापणार?

शेवंता
छोटे चौकोन. नावाशेजारी. ५ सेंमी बाय ५ सेंमी.

चष्मिष
अहो!
५ सेंमी छपाईला, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरले तरी जेमतेम ५९० पिक्सेल लागतात. तुमचा कॅमेरा ६००० पिक्सेल रुंद फोटो देतो. मग ग्लासाच्या नाकाशी जायचं कशाला? सेन्सरपासून साठ सेंमीवर कॅमेरा ठेवा. ७ सेंमी रुंदीचा ग्लास तिथूनही अठराशेच्या आसपास पिक्सेल व्यापतो. हवा तेवढा चौकोन कापून घ्या. आणि तेवढ्या अंतरावर एफ ८ ला धारदार पट्टी तीन-साडेतीन सेंमीची होते. चेरी, पिस्ते, आईस्क्रीमचा गोळा, सगळे त्यात बसतात. मागचा ओटा तरी धूसरच राहील. एफ २२ पर्यंत मात्र जाऊ नका, फार बारीक छिद्राने सगळाच फोटो मऊ पडतो.
फोकस ऑटोवर सोडू नका. लाइव्ह व्ह्यू चालू करा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दिसेल, भिंगाचं बटण दाबून दहा पट मोठं करा आणि कॅमेऱ्याकडे तोंड असलेल्या पुढच्या पिस्त्यावर हाताने फोकस करा. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००. पोत्यावर आहे म्हटल्यावर शटर कितीही हळू चालेल.

ताकभात
म्हणजे मी पहिल्या दिवशी म्हटलं तेच. वीतभर मागे.

कोथरूडची काकू
आणि खरा ग्लास शेवटी आण. आधी एक साधा ग्लास नुसत्या दुधाने भर, त्यावर तुमचं ते फोकस-बिकस जमवा. मग तो उचलून तिथेच चांगला ठेवायचा. कोथिंबिरीची कोवळी डहाळी बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं, फडक्यावर टिपून, चिमट्याने वर. सोलकढीत मीठ असतं, पान मऊ पडायला वेळ लागत नाही. केशर पण अगदी शेवटी, नाहीतर काडीभोवती पिवळं वर्तुळ पसरतं.

नादखुळा
सोलकढीत पान बुडतंय का? ग्लास काठोकाठ भरा आणि पान कोरडं असताना आडवं ठेवा. तरंगतं. ओलं पान बुडतं.

शेवंता
झालं एकदाचं! आज सकाळी काढले. धोतर सासऱ्यांचं, त्यांना आधी विचारलं. मस्तानीचा बेत मस्त जमला. गोळा दगडासारखा होता, पिस्ते पोपटी, आणि गोळ्याच्या कडेला वितळलेल्या दुधाची एक धार चेरीखाली येऊन थांबली, ती तर मुद्दाम केल्यासारखी. कोकमचा रंग बघून जाऊ म्हणाली, हे आपल्याच दुकानातलं आहे का. पन्ह्याचं केशर मी लवकर टाकलं, पिवळं वर्तुळ आलंच, पण बरं दिसतंय, राहू दे.
सोलकढी मात्र स्क्रीनवर छान गुलाबी आहे आणि प्रिंटरने काढून दाखवलेल्या कागदावर मातकट. फोटो परत काढू का?

चष्मिष
फोटो नका काढू. स्क्रीन उजेडाचे रंग दाखवते, छपाईत चार शाया. तसला गुलाबी शाईत पुरता येत नाही. प्रिंटरला सांगा की त्या फोटोतली काळी शाई कमी करून, किरमिजी जरा वाढवून पुन्हा प्रूफ द्या, आणि ते ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर द्या. चकचकीत कागदावर रंग जास्त उठतो.

शेवंता
चकचकीतच आहे, वर लॅमिनेशन. सांगते त्याला तसं.

एक पेठी
मेनूवर 'थिक मस्तानी' असं काही लिहू नका म्हणजे झालं.

शेवंता
छापून झालंय काका.