चेंगडू आणि लितांग : क्षेत्रफळ जवळपास सारखे, मग वस्तीत एवढी तफावत कशी?

माळरान :
चीनमधल्या सिचुआन प्रांताचा नकाशा पाहताना एक प्रश्न पडला. चेंगडू महानगराच्या प्रशासकीय हद्दीचे क्षेत्रफळ 14 हजार चौरस किलोमीटरहून थोडे जास्त आहे आणि त्याच प्रांताच्या पश्चिमेकडील लितांग काउंटीचेही साधारण तेवढेच; पण चेंगडूची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 2 कोटींच्या पुढे गेली, तर लितांगची जेमतेम 70 हजारांच्या आसपास आहे. लितांग समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटरवर आहे, तेव्हा तिथे वस्ती विरळ असणार हे समजते. मात्र कुठलाही समुद्रकिनारा हजार किलोमीटरहून जवळ नसलेले चेंगडू एवढे वाढले कशाच्या जोरावर? आणि या दोन जगांचा एकमेकांशी काही व्यवहार होता का?

पाटपाणी :
पहिल्या प्रश्नाचे उत्तर चेंगडूजवळच्या दुजियांगयान येथे आहे. मिन नदी डोंगरातून सपाटीवर उतरते त्या ठिकाणी छिन राज्याचा अधिकारी ली बिंग याने इसवी सनपूर्व 256 च्या सुमारास जी रचना उभी केली, तीत नदी अडवणारे धरण नाहीच. पात्राच्या मध्ये माशाच्या तोंडाच्या आकाराचा बांध घालून प्रवाह दुभागला आहे. पाणी कमी असताना मोठा वाटा आतल्या पाटाकडे जातो आणि पुराच्या वेळी तोच मोठा वाटा बाहेरच्या पात्रात वळतो. आत आलेले जादा पाणी आणि गाळ एका बुटक्या सांडव्यावरून परत नदीत पडतो, आणि उरलेले पाणी डोंगर फोडून काढलेल्या अरुंद वाटेने शेतीकडे जाते. पूर्वी हे बांध बांबूच्या लांबलचक पिंजऱ्यांत दगडगोटे भरून रचत आणि हिवाळ्यात पाणी ओसरले की गाळ उपसत. बांध नव्या साहित्याचे झाले, तरी व्यवस्था आजही चालू आहे. दुष्काळ आणि पूर दोन्ही आटोक्यात आल्यामुळे हे खोरे धान्याचे कोठार झाले, आणि चेंगडूच्या चहाघरांत तासन्‌तास बसण्याची जी ऐसपैस वृत्ती सांगितली जाते, तिच्यामागे ही भरल्या पोटाची निश्चिंती आहे, असे मला वाटते.

खिंडवाट :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चहा. लितांगच्या उंचीवर पाणी साधारण 87 अंशांनाच उकळते, त्यामुळे प्रेशर कुकरशिवाय भात नीट शिजत नाही. तिबेटी लोकांनी शिजवण्याची भानगडच टाळून जव भाजून त्याचे सत्तू केले, आणि ते याकच्या दुधाचे लोणी घातलेल्या चहात मळून खाल्ले. पण चहाचे झुडूप त्या थंडीत येत नाही. ते खाली याआनच्या दमट डोंगरउतारांवर येते. तिथल्या दाबून केलेल्या चहाच्या विटा हमाल पाठीवर घेऊन लितांगच्या वाटेवरच्या कांगदिंग गावापर्यंत चढत. ओझे अनेकदा स्वतःच्या वजनाहून जास्त असल्याने एकदा खाली ठेवले की पुन्हा उचलणे कठीण. म्हणून ते वाटेत बसत नसत, तर हातातली आडव्या मुठीची काठी ओझ्याखाली टेकवून उभ्यानेच दम खात. कांगदिंगला त्या विटा याकच्या कातड्यात शिवल्या जात आणि पुढचा प्रवास याकच्या तांड्याने होई. तिथल्या मुक्कामघरांत राहणे, गोदाम आणि दलाली असे सगळे एकाच छताखाली चाले, आणि अनेक घरांचा कारभार बायकांच्या हाती असे. कांगदिंगच्या पश्चिमेची झेदुओ खिंड सुमारे 4,300 मीटर उंच आहे. तिच्या अलीकडे हान (बहुसंख्य चिनी) आणि पलीकडे तिबेटी मुलूख, अशी जुनी समजूत आहे.

नकाशेवाला :
लितांगला निव्वळ आडबाजूचे समजण्यास माझी हरकत आहे. तिथला मोठा मठ 1580 मध्ये तिसऱ्या दलाई लामांनी स्थापला, आणि सातवे व दहावे असे दोन दलाई लामा याच परिसरात जन्मले. ल्हासाकडून पाहिले तर चेंगडूच कोपऱ्यात होते.

माळरान :
सर्वांचे आभार. आता तिकडे बोगदे आणि विमानतळ झाले आहेत, तेव्हा थेट विमानाने वर जाणे योग्य ठरेल का?

खिंडवाट :
मी तसे सुचवणार नाही. लितांगच्या दक्षिणेला असलेला दाओचेंग यादिंग विमानतळ 2013 मध्ये सुरू झाला आणि तो 4,411 मीटरवर आहे. चेंगडू जेमतेम 500 मीटरवर. तासाभरात एवढी उंची गाठल्यास विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता मोठी असते. एरलांग डोंगराखालचा 13 किलोमीटरहून लांब बोगदा झाल्यापासून चेंगडूहून कांगदिंग काही तासांत गाठता येते. ते सुमारे 2,500 मीटरवर आहे, म्हणून तिथे किमान एक रात्र, शक्य असल्यास दोन रात्री थांबून मगच खिंड चढावी.